टेक्ससच्या कोचचा मुका खेळ

वर्लिन होबॅकनं जन्मात एकाच माणसावर पुरता विश्वास ठेवला. ती म्हणजे त्याची बायको विल्मा, आणि तिच्यावरसुद्धा लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर. बाकी सगळं जग त्याच्या लेखी गव्हानं भरलेल्या ट्रकसारखं होतं. वर कोरडा, सोन्यासारखा दाणा आणि खाली ओल.

त्याच्या कामानंच त्याला तसं केलं, असं म्हणायला जागा होती. केलर क्रॉसिंग गावच्या धान्यकोठारावर तो काट्यावर बसायचा. कापणीच्या दिवसांत ट्रक रांगेनं यायचे. वर्लिन लांब पोकळ सळई घेऊन एकेका ट्रकवर चढायचा, सळई पार तळापर्यंत खुपसायचा आणि खालचा गहू उपसून हुंगायचा. पाद्रीबाबांच्या ट्रकमध्येही खुपसायचा आणि सख्ख्या मेव्हण्याच्याही. मेव्हणा एकदा चिडून म्हणाला, "वर्लिन, माझ्या मयतीला आलास तर पेटीतसुद्धा सळई घालून बघशील तू!"

"पेटी कुणी भरलीय त्यावर आहे," वर्लिन म्हणाला.

गाव हे सगळं खपवून घ्यायचं, कारण काटा खरा होता. पण काट्यावरून उतरल्यावरही सळई हातात ठेवायची वर्लिनची खोड काही जात नव्हती. खाटकानं मांस दिलं की घरी येऊन पुन्हा तोलायचा. डॉक्टरनं गोळ्या दिल्या की औषधाच्या दुकानदाराला विचारायचा, तुझं आणि डॉक्टरचं काय साटंलोटं आहे? कुणी विनाकारण हसून 'गुड मॉर्निंग' म्हणालं तर दुपारपर्यंत त्याच्या डोक्यात किडा वळवळायचा.

घरात तो आणि त्याचा नातू लेन, दोघंच. लेनची आई तिकडं विचिटाला दुसरा संसार थाटून बसली होती. पोरगं तान्हं असल्यापासून इथंच वाढलेलं. लहानपणी लेन बोलताना अडखळायचा. विल्मा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायची आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत हलायची नाही, मग चुलीवर बटाटे करपोत नाहीतर घराला आग लागो. वर्लिनच्या अंगात एवढा दम कुठला? पोरगं 'द-द' करायला लागलं की हा 'दूध' म्हणून पेला पुढं करायचा. विल्मा गेली आणि हळूहळू ते अडखळणंही गेलं. लेन मुळात बोलायचाच कमी. हो, नाही, मान हलवणं, खांदे उडवणं. वर्लिनला वाटलं, सुटलो. आणि होबॅकांच्या घरात पुरुष बडबडे नव्हतेच कधी.

पोराच्या हातात मात्र सोनं होतं. अंडाकृती चेंडू त्याच्या हातून असा सुटायचा की झेलणाऱ्याला हात पुढं करायचीसुद्धा गरज पडायची नाही. आमच्याकडं शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे हा हातानं फेकायचा फुटबॉल. दुकानं बंद, रस्ते ओस, आणि आख्खं गाव शाळेच्या मैदानाभोवती. पण गेली कैक वर्षं गाव तिथं फक्त हरायला जमायचं. म्हातारे कोच निवृत्त झाले आणि शाळेनं त्यांच्या जागी टेक्ससहून डेल प्रुइट नावाचा माणूस आणला.

टेक्ससहून! वर्लिनच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. "टेक्ससमध्ये फुटबॉलचा कोच म्हणजे राजा," तो कोठारावर म्हणाला. "राजा आपलं राज्य सोडून आपल्या उकिरड्यावर कशाला येईल? काहीतरी करून पळालाय."

"बायकोनं सोडलं म्हणतात," कुणीतरी म्हणालं.

"का सोडलं, ते विचारलंत का?"

प्रुइट चाळिशीचा, बारीक, नाकाडा माणूस. बोलणं हळू, सावकाश. गाडीवर अजून टेक्ससचीच पाटी. ऑक्टोबरच्या थंडीतही गार गोड चहा प्यायचा. ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला आणि आठवडा उलटायच्या आत त्यानं दोन गोष्टी केल्या. लेनला क्वार्टरबॅक केलं, म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक डाव सुरू होतो तो खेळाडू. आणि त्यानं कोंडाळं बंद केलं.

ही दुसरी गोष्ट म्हणजे पाद्रीबाबांनी प्रार्थना बंद करण्यासारखी होती. डाव सुरू व्हायच्या आधी पोरांनी गोल करायचं, डोक्याला डोकी लावायची आणि क्वार्टरबॅकनं मधोमध उभं राहून पुढची चाल सांगायची, हे आमच्या आज्यापणज्यांपासून चालत आलेलं. प्रुइटच्या संघात पोरं गोल करायचीच नाहीत. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरून उभी राहायची आणि कडेला बघायची. कडेला तिघंजण वेड लागल्यासारखे हातवारे करत असायचे. कुणी डोक्यावर थापट्या मारतोय, कुणी पोट चोळतोय, कुणी कोंबडीसारखे पंख हलवतोय. त्यातला एक खरा, दोन नुसते भोंदू. पोरांना चाल कळायची आणि लगेच खेळ सुरू. तोही 'हट हट' अशी आरोळी न देता. लेन नुसती टाच उचलायचा आणि चेंडू त्याच्या हातात यायचा.

"मुका खेळ आहे हा," वर्लिन म्हणाला. "तोंडाची लाज वाटावी असं काय लपवतोय हा माणूस?"

तो कामावरून सुटला की मैदानाच्या कुंपणापाशी गाडी लावायचा, काच खाली करायचा आणि ऐकायचा. प्रुइट लेनच्या मागं उभा राहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. "एका माणसाकडं बघ, लेन. समोरच्यांचा तो टोकाचा. तो आत घुसला तर त्याच्या मागं मोकळी जागा झाली, तिथं चेंडू फेक. तो थांबला तर चेंडू आपल्या धावणाऱ्याच्या पोटात दे. बाकीचे दहाजण तुझे नाहीत. ते माझे."

लेन मान हलवायचा. टाच उचलायचा. बघायचा. फेकायचा.

"आणि चुकलास तर आखणी माझी आहे, चूकही माझी," प्रुइट म्हणायचा.

स्वतःहून चूक पदरात घेणारा माणूस वर्लिननं आजवर पाहिला नव्हता. त्यामुळं त्याचा संशय दुप्पट झाला.

हंगाम सुरू झाला आणि लेन जिंकायला लागला. पहिला सामना जिंकला तेव्हा लोक म्हणाले, नशीब. दुसरा जिंकला तेव्हा म्हणाले, समोरचेच लेचेपेचे. तिसऱ्याला मात्र ट्रॅक्टरच्या दुकानाचा मालक डेल्बर्ट उनरू फळ्यांच्या स्टँडवर उभा राहून लहान मुलासारखा रडला. समोरच्या संघाची धिप्पाड पोरं कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. त्यांना गोल करून दम खायलाही वेळ मिळत नव्हता. आणि मधोमध आमचा लेन, काटकुळा, शांत. टाच उचलतोय, एका माणसाकडं बघतोय, आणि चेंडू भलतीकडंच निघून जातोय. चर्चमध्ये बाया त्याच्या गालाला हात लावायच्या. खाणावळीत गेला तर त्याच्या पुढ्यात कोबी-खिमा भरलेले बीरॉक पाव आपोआप यायचे. आणि जो पोरगा शाळेत भिंतीला घासून चालायचा तो आता मधून चालायला लागला. हे वर्लिनला दिसत होतं आणि त्याची छाती फुगत होती. म्हणूनच तर त्याला भीती वाटत होती.

"डोकं सगळं त्या टेक्ससवाल्याचं," तो डेल्बर्टला म्हणाला. "माझा नातू नुसती बाहुली. दोऱ्या याच्या हातात. उद्या हा मोठ्या शाळेत उडून गेला की पोरगं मैदानात उभं राहील आणि त्याला साधी एक चाल सांगता येणार नाही. मग हसतील लोक."

"अरे, जिंकतोय ना तो?"

"म्हणूनच विचारतोय."

सोमवारी संध्याकाळी शाळेच्या जेवणघरात पाठीराख्यांच्या क्लबची सभा भरायची. मोठ्या पातेल्यात चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, बाजूला दालचिनीचे गोड रोल, आणि पडद्यावर शुक्रवारच्या सामन्याची टेप. कोचनं टेप दाखवायची, आणि ज्यांना बुटाची नाडी बांधतानाही धाप लागते अशा माणसांनी त्याला खेळ शिकवायचा, हा रिवाज. प्रुइट सगळं ऐकून घ्यायचा. पण कुणी म्हणालं, "कोच, एकदा तरी कोंडाळं करा, बरं दिसतं," की तो चहाचा घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "या संघाला हेच बरं आहे."

हेच का बरं? ते तो सांगत नव्हता. कुठंतरी पाणी मुरत होतं आणि वर्लिनला ते शोधल्याशिवाय चैन पडणार नव्हती.

म्हणून पुढच्या शुक्रवारी तो हरणांच्या शिकारीची दुर्बीण घेऊन स्टँडच्या सगळ्यात वरच्या फळीवर जाऊन बसला. खेळ बघितलाच नाही. बघितले ते कडेचे तिघं हातवारेवाले. गावात बाकी कुणाला जे दिसलं नसतं ते त्याला दिसलं, कारण चोराचा माग चोराच्या डोळ्यांनीच काढावा लागतो हे त्याला ठाऊक होतं. प्रुइट एकाशी बोलायचा, दुसऱ्याकडं बघायचा आणि तिसऱ्याकडं मुद्दाम पाठ करून उभा राहायचा. माणूस जिकडं ठरवून बघत नाही, माल तिकडंच असतो. तो तिसराच खरा. एवढं कळल्यावर बाकीचं सोपं होतं. डोक्यावर थापटी म्हणजे उजवीकडं धाव. पोट चोळलं म्हणजे आखूड फेक. पंख हलवले म्हणजे लांब.

सोमवारी त्यानं चिलीचा वाडगा बाजूला सारला आणि काटाचमचा हातात घेऊन पडद्यापाशी जाऊन उभा राहिला.

"थांबवा टेप. आता हा तिसरा बघा. पोट चोळलं. आखूड फेक." टेप सुरू झाली. आखूड फेक. "आता डोकं. उजवीकडं धाव." उजवीकडं धाव. "पंख. लांब." लांब!

जेवणघरात शिट्ट्या सुरू झाल्या. डेल्बर्ट टेबलावर मुठी आपटत ओरडला, "वर्लिन, लेका, तू काट्यावर काय करतोयस? सैन्यात जा!"

"मला कळलं तर या शुक्रवारी समोर येणाऱ्या मॉरोबर्गवाल्यांना कळायला किती वेळ लागेल?" वर्लिन प्रुइटकडं बघत म्हणाला. "म्हणून सांगतो, कोंडाळं करा."

प्रुइटचा चेहरा पांढरा पडला होता. सभा पांगल्यावर तो वर्लिनपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे तुम्ही मला एकट्याला सांगितलं असतंत तर मी तुमचे पाय धरले असते."

"चारचौघांत सांगायला भ्यावं असं मी काही करत नाही," वर्लिन म्हणाला आणि टोपी घालून निघाला. त्या रात्री त्याला छान झोप लागली.

डेल्बर्टचा जावई मॉरोबर्गचा. मंगळवारी लेक-जावई जेवायला आले तेव्हा डेल्बर्टनं हसत हसत हा किस्सा सांगितला. पोट कसं चोळायचं तेही उभं राहून करून दाखवलं. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. गोष्ट चांगली होती, एवढंच. शुक्रवारी मॉरोबर्गचा संघ आमच्या मैदानावर उतरला आणि पहिल्याच डावाला त्यांचा मधला आडदांड पोरगा ओरडला, "पोट! पोट! आखूड!"

त्यानंतरचं सांगवत नाही. लेनच्या हातात चेंडू यायच्या आधीच ती पोरं जागेवर पोचलेली असायची. तो एका माणसाकडं बघायचा आणि दुसरा त्याच्या अंगावर येऊन आदळायचा. एवढ्या चार दिवसांत बदल नको म्हणून प्रुइटनं जुन्याच खुणा ठेवल्या होत्या. मध्यंतरात त्यानं त्या बदलल्या, पण नव्या खुणा पोरांच्या अंगात मुरलेल्या नव्हत्या. अर्धी पोरं उजवीकडं पळाली आणि अर्धी डावीकडं. लेन मैदानात मधोमध उभा, हात रिकामे, आणि पुन्हा खाली. स्टँडवरून एकच आरडाओरडा सुरू झाला. "कोंडाळं! कोंडाळं करा!" वर्लिन कुंपणाला जाऊन चिकटला आणि घसा फुटेपर्यंत ओरडला, "अरे गोल कर त्यांना! चाल सांगू दे पोराला तोंडानं!"

प्रुइटनं एकदा वळून बघितलं. मग पुन्हा मैदानाकडं तोंड केलं. कोंडाळं केलं नाही.

दाणादाण उडाली. सामना संपल्यावर वर्लिननं त्याला गाड्यांपाशी गाठलं.

"हरलात, पण हेका सोडला नाहीत! काय दडवताय तुम्ही?"

"आखणी माझी होती. चूकही माझी."

"ते पोपटासारखं नका सांगू मला. माझा नातू आहे तो! एकदा, नुसतं एकदा गोल करू दिलं असतं तर..."

प्रुइट गाडीचं दार धरून उभा राहिला. तो रागावला असता तर वर्लिनला बरं वाटलं असतं. "वर्लिन, तुम्ही सगळ्या गावात चौकशा करता," तो म्हणाला. "एकदा आपल्या घरी करा."

आपल्या घरी? ही तर कमाल झाली. वर्लिन घरी येईपर्यंत गाडीत एकटाच बडबडत होता. पोरालाच काहीतरी शिकवून ठेवलंय त्यानं. धमकावलंय. कॉलेजचं गाजर दाखवून तोंड बंद केलंय. लेन अंग शेकून केव्हाच झोपला होता. वर्लिननं सकाळपर्यंत दम धरला, आणि लेन खुरडत खुरडत स्वयंपाकघरात आल्याबरोबर अंड्यांचं ताट त्याच्यापुढं ठेवून समोर बसला.

"त्या माणसानं तुला कशाची भीती घातलीय?"

लेननं मान हलवली. नाही.

"मग कोंडाळं का नाही केलंत?"

लेननं खांदे उडवले.

"खांदे नकोत मला. तुला चाल येते की नाही? खरं सांग. का तो तुला शिकवतच नाही? बाहुली करून ठेवलंय तुला?"

"येते," लेन म्हणाला.

"मग सांग. आत्ता. मी तुझा संघ. हे बघ, डोकं पुढं केलं. सांग चाल."

लेननं आजोबांकडं बघितलं. काटा खाली ठेवला. त्याचं तोंड उघडलं आणि जबडा एका बाजूला ओढला गेला.

"ट-ट-ट..."

वर्लिननं सवयीनं पुढचा शब्द द्यायला तोंड उघडलं. पण त्याला शब्द माहीत नव्हता. दूध असतं, टॉवेल असता, ट्रकची किल्ली असती तर त्यानं केव्हाच देऊन टाकली असती. ही चाल होती आणि ती फक्त लेनला ठाऊक होती. म्हणून तो थांबला. विल्मा गेल्यापासून पहिल्यांदाच थांबला.

"ट-ट-ट..." लेनच्या मानेची शीर तटतटली. डोळे मिटले. एक पाय टेबलाखाली फरशीवर आपटायला लागला. "ट-ट्वि... ट्वि-ट्वि..." शब्द येत नव्हता. वर्लिन ते बघत राहिला. बघवत नव्हतं, पण नजर हलेना. कधीतरी बऱ्याच वेळानं ती चाल पूर्ण झाली, तुकड्यातुकड्यांनी, आणि लेन धाप लागल्यासारखा मागं टेकला. काल मैदानावर इतक्या वेळा आपटला होता, पण तिथंही इतका दमलेला दिसला नव्हता.

"कधीपासून?" वर्लिननं विचारलं.

विचारता विचारताच उत्तर त्याला कळलं. गेलंच नव्हतं ते. पोरगं शब्द टाळायला शिकलं होतं, आणि जे टाळता येत नव्हते ते आजोबा पुरवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आख्ख्या तालुक्याच्या ट्रकांत सळई खुपसत हिंडणारा हा माणूस, आणि रोज समोर बसून जेवणाऱ्या पोराच्या तळाला काय आहे हे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. त्याला स्वतःची एवढी चीड आली की तो उठून नळाशी गेला आणि उगाच पेला धुवायला लागला.

मग लेननं सांगितलं. बराच वेळ लागला. वर्लिननं पाठ वळवूनच ऐकलं, कारण तोंड समोर असतं तर त्यानं मध्येच शब्द दिले असते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोचनं नेहमीसारखं कोंडाळं केलं होतं. लेन मधे उभा राहिला आणि त्याच्या तोंडून चाल निघाली नाही. पोरं खाली बघत राहिली. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. संध्याकाळी लेननं आपलं हेल्मेट कोचच्या टेबलावर नेऊन ठेवलं. खेळणार नाही म्हणून. कोचनं विचारलं, फेकायला आवडतं ना? आवडतं. मग हेल्मेट घेऊन घरी जा. दुसऱ्या दिवशी मैदानावर पोरं आली तर कोंडाळं नव्हतं, आरोळी नव्हती. कडेला तिघं उभे होते.

"त-त्यांनी कुणाला सांगितलं नाही," लेन म्हणाला. "म-मी म्हटलं होतं, नको."

"आणि खुणा मी फोडल्या," वर्लिन नळाकडं बघत म्हणाला.

"म-माहितेय." लेननं अंड्यांत काटा घातला. "सगळ्यांना माहितेय."

सोमवारी जेवणघर खचाखच भरलं होतं. चिली कुणी खात नव्हतं. डेल्बर्टनं उभं राहून घसा साफ केला. आपल्या जेवणाच्या टेबलावरून गोष्ट फुटली हे तो सोयीस्कर विसरला होता, किंवा तेच झाकायला एवढा तावातावानं बोलत होता. तो म्हणाला, कोचनं हेकेखोरपणानं सामना घालवला, पोरांना मार खायला लावला, आणि क्लबनं स्कूल बोर्डाला कळवावं की आम्हाला हा माणूस नको. "कोच, तुम्हाला काही सांगायचंय? कोंडाळं का नाही केलंत?"

प्रुइट पडद्यापाशी उभा होता. "आखणी माझी होती," तो म्हणाला. "त्यापुढं मला काही सांगायचं नाही."

"बघा! बघा माज!"

वर्लिन उभा राहिला. "खुणा मी फोडल्या. इथंच, याच पडद्यापाशी, हात दाखवून अवलक्षण केलं. हरवलं मी तुम्हाला. यानं नाही."

"ते झालं रे," डेल्बर्ट म्हणाला, "पण कोंडाळं..."

"ते पण सांगतो. माझ्या नातवाला..."

"आ-आजोबा. बसा."

लेन दाराशी उभा होता. सराव संपवून तसाच आला होता, केस ओले, हाताला पट्टी. आख्ख्या जेवणघराच्या माना वळल्या. प्रुइटनं एक पाऊल पुढं टाकलं आणि मान हलवली. नको, असं. लेननं त्याच्याकडं बघितलं, मग तो खुर्च्यांमधून चालत पडद्यापाशी आला आणि कोचच्या शेजारी उभा राहिला. वर्लिन बसला.

"क-क-को..."

तोंड वाकडं झालं. पहिल्या रांगेतल्या बाईनं नजर खाली घातली. मागं कुणाची तरी खुर्ची कुरकुरली.

"क-क-क..."

"कोच," डेल्बर्ट मदतीला धावला. "कोचबद्दल म्हणतोयस ना बाळा? कोचनी तुला..."

"गप बस, डेल्बर्ट," वर्लिन म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण डेल्बर्ट गपकन खाली बसला. "त्याला बोलू दे."

"क-कोंडाळं," लेन म्हणाला. "कोंडाळं क-कोचनी नाही बंद केलं. म-माझ्यामुळं बंद झालं. म-मला असं होतं म्हणून." त्यानं श्वास घेतला. आता तो कुणाकडंच बघत नव्हता. पडद्यावर थांबलेल्या टेपमध्ये एक काटकुळा पोरगा एका माणसाकडं बघत उभा होता. "ते जाणार असतील तर म-मी पण जातो."

डेल्बर्टचा ठराव तसाच लोंबकळत होता. त्याला अनुमोदन देणारं कुणी पुढं आलं नाही. डेल्बर्टनं स्वतःच टेबलावरचा रुमाल उचलून नाक पुसलं.

लेन अजून तिथंच उभा होता. त्याचं झालं नव्हतं. "ख-खुणा सगळ्यांना कळल्यात," तो म्हणाला. "या शुक्रवारी आम्ही क-कोंडाळं करू. मी सांगीन चाल. व-वेळ लागेल. पंचांचा पिवळा रुमाल पडेल, उशिराचा द-दंड होईल. तुम्ही ओरडू नका. नुसतं थ-थ-थ..."

शब्द अडकला. जबडा ओढला गेला, पाय फरशीवर आपटायला लागला. प्रुइट शेजारी हात मागं बांधून उभा राहिला, जणू त्याला त्या दिवशी दुसरं काहीच काम नव्हतं. वर्लिननं खुर्चीचे हात घट्ट धरले होते. लेनला कोणता शब्द हवाय ते त्याला ठाऊक होतं, तो त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता, आणि आयुष्यात एवढं जड वजन त्यानं कधी तोलून धरलं नव्हतं.

त्यानं तो शब्द दिला नाही. लेननं तो आपला आपण म्हटला.